दोन दमात उघडणारं दार

१

पोटाला पट्टा बांधायचा, भिंतीला धरून उठायचं, खोलीपासून बाहेरच्या दारापर्यंत चौदा पावलं जायचं आणि चौदा पावलं परत यायचं. असं दिवसातून पाच वेळा. चालाल तर आतडं चालेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून किरीटभाई भणसाली चालत होते. दुसरं करणार तरी काय? अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, जपानात कोबेला बत्तीस वर्षं मोत्यांचा व्यापार केलेला, तापानं सलग दोन दिवस कधी झोपलेला नाही. आणि आता गाठीसकट वीतभर आतडं कापून काढल्यावर खोकतानासुद्धा उशी पोटाशी धरायची पाळी आली होती. शिंक येणार असं वाटलं की ते घाईघाईनं नवकार म्हणत.

घर किटानोच्या चढावर, जुनं, लाकडी. झोपायची खोली वर आणि जिना शिडीसारखा उभा. म्हणून खाली मोती निवडायच्या खोलीत भाड्याची खाट आणून टाकली होती. या खोलीला उत्तरेकडे एकच मोठी खिडकी. मोत्याचा खरा रंग उत्तरेच्या उजेडातच कळतो, तेव्हा इतकी वर्षं त्या खिडकीखाली लांब पांढरं टेबल होतं. ते आता भिंतीला सरकवलं होतं. खाटेचं डोकं अर्थातच दक्षिणेला. उत्तरेला डोकं करून झोपायचं नाही, हे किरीटभाईंना पालनपूरला आईनं शिकवलं होतं आणि इथल्या माणसांनाही ते कुणी शिकवावं लागत नाही.

त्यांचं सगळं बघायला होत्या ओकुनो-सान. वय शहात्तर, दोन घरं खाली एकट्या राहायच्या. त्या टेबलाशी बसून बावीस वर्षं त्यांनी किरीटभाईंचे मोती निवडले होते. आता रोज सकाळी तांदळाची पेज आणि भोपळ्याचं सार घेऊन यायच्या.

"कांदा नाही, बटाटा नाही, मासळीचं पाणी नाही," त्या भांडं ठेवता ठेवता म्हणायच्या. "तुमचा देव फार नखरेल आहे हो, भणसाली-सान. माझा नवरासुद्धा इतका नव्हता."

त्यांचे गुडघे गेलेले. खोलीचं सरकतं दार त्या कोपरानं आणि पायानं एकदाच ढकलायच्या, धाडकन. खाली बसणं तर सोडाच. "नवऱ्याच्या अंत्यविधीलाही खुर्चीवर बसले मी. सगळ्यांनी गुडघ्यांवर बसून कपाळ टेकवलं आणि मी आपली बसलेय ताठ. तो रागावला असेल, पण आता काय करतो?"

हॉस्पिटलात किरीटभाईंच्या हातून एक चूक झाली होती. तिथं सगळ्यांना पुढून गुंडाळायचा सुती झगा देतात. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी त्यांनी तो स्वतःच घातला आणि ऐटीत बसून राहिले. समोरच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं एकदा बघितलं आणि तोंड भिंतीकडे केलं. मग परिचारिका आली, काही न बोलता तिनं दोन बोटांनी झग्याचे पदर सोडवले आणि उलटे बांधले. भेटायला आलेल्या ओकुनो-सान हे बघत होत्या.

"बत्तीस वर्षं राहून इतकंही कळत नाही तुम्हाला?" त्या म्हणाल्या. "डावी बाजू वर घ्यायची. उजवी वर घेऊन फक्त शेवटच्या प्रवासाला निघालेली माणसं जातात. आपण त्यांना तशी घालून देतो."

किरीटभाई हसायला गेले आणि टाके ओढले गेले, म्हणून थांबले. ओकुनो-सान हसल्या नव्हत्या.

२

तरुलताबेनना फोन त्याच संध्याकाळी केला होता. झग्याचं काही त्यांनी बायकोला सांगितलं नाही, पण खोटं कशाला बोला, फोन त्या भीतीनंच केला होता.

तरु इथे बारा वर्षं राहिली होती. मग किरीटभाईंच्या आईनं अंथरूण धरलं आणि ती पालनपूरला गेली, सहा महिन्यांसाठी म्हणून. त्याची अकरा वर्षं झाली. आई जाऊन वर्ष उलटलं तरी किरीटभाई "पुढच्या वर्षी ये, घर आवरायचंय" असंच म्हणत राहिले. एकट्याची सवय झाली होती. माणसाला कसलीही सवय होते, आणि या सवयीची तर त्यांना मनातून लाज वाटायची.

"पोट फाडून घेतलंत आणि मला आत्ता सांगताय?" तरु फोनवर कडाडली. "मी कोण आहे तुमची? शेजारीण?"

"तुला काळजी नको म्हणून..."

"मग आता कशाला सांगितलंत? आता काळजी हवी झाली वाटतं."

किरीटभाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "तरु, तू ये."

इतक्या वर्षांत त्यांनी हे दोन शब्द कधी सरळ म्हटलेच नव्हते.

"येते," ती म्हणाली. आवाज एकदम मऊ झाला होता. "येते हो. फक्त तो तुमचा चढ आठवतो मला. हल्ली जिना चढले तरी छातीत जरा गच्च होतं. डॉक्टर म्हणाले एकदा तपासून घ्या. ते वयाचंच असणार म्हणा."

किरीटभाईंनी हे ऐकलं. नीट ऐकलं, शब्द न् शब्द. आणि ते म्हणाले, "मंगळवारचं तिकीट मिळतंय का बघ."

३

शुक्रवारी ते घरी आले. ओकुनो-साननी एकाच ताग्यातून दोन झगे शिवून ठेवले होते. पांढऱ्यावर बारीक निळ्या रेघा. एक त्यांना, एक तरुला. तरुसाठी गादीही दोन दिवस उन्हात टाकून, घडी करून कपाटात ठेवली होती. ती जमिनीवरच्या चटईवरच झोपणार होती, तिला ते आवडायचं.

किरीटभाईंनी ओकुनो-सानना आणखी एक काम सांगितलं. जोड्यांच्या कपाटात तरुच्या जुन्या तपकिरी चपला होत्या, त्या काढून बाहेरच्या दाराशी, पायरीखाली मांडायला लावल्या. तोंडं घराकडे करून. घरात कुणीतरी आलेलं आहे असं वाटावं म्हणून.

शनिवारी दुपारी तीन वाजता ते खाटेवर पडले होते. उजेड स्वच्छ होता. बाहेर कुणाच्या तरी कपडे वाळत घालायच्या काठीचा आवाज येत होता. तेवढ्यात बाजूच्या खोलीचं सरकतं दार उघडल्याचा आवाज आला.

सर्र. मग थांबला. मग सर्रर्र.

किरीटभाईंना तो आवाज ओळखीचा होता. जुन्या वळणाची, घरंदाज माणसं तसं दार उघडतात. गुडघ्यांवर बसायचं, आधी चार बोटांइतकी फट करायची, आतल्या माणसाला सावध व्हायला वेळ द्यायचा, मग उरलेलं दार सरकवायचं. हॉटेलातल्या मोठ्या मेजवान्यांत त्यांनी ते पाहिलं होतं. या घरात तसं दार कुणीच कधी उघडलं नव्हतं.

"ओकुनो-सान?" त्यांनी हाक मारली.

उत्तर आलं नाही. पट्टा आवळून, भिंतीला धरून ते गेले. बाजूची खोली रिकामी होती आणि दार पूर्ण उघडं होतं. सकाळी ओकुनो-साननी उघडं टाकलं असेल. लाकूड थंडीत आकसतं, आवाज करतं. शिवाय आपण दिवसाला तीन वेदनाशामक गोळ्या घेतो, त्यातल्या एकीच्या कागदावर भास होऊ शकतात असं लिहिलेलं आहे, त्यांनी ते स्वतः वाचलं होतं. झालं तर मग.

आलोच आहोत तर चौदा पावलं पुरी करू म्हणून ते बाहेरच्या दारापर्यंत गेले. पायरीखाली तरुच्या चपलांची तोंडं रस्त्याकडे होती. टाचेला टाच जुळवून, अगदी व्यवस्थित, निघणाऱ्या पाहुण्याच्या वळवून ठेवतात तशा. त्यांचे स्वतःचे जोडे शेजारी होते तसेच होते.

ओकुनो-साननी सवयीनं वळवल्या असतील. इथं कुणीही वळवतं. पण चपला वळवायच्या म्हणजे वाकायला हवं, आणि ओकुनो-सान तर चपला पायानंच सरकवतात. हा विचार त्यांनी मनात येताच बाजूला टाकला. त्यांच्या मनात दुसरंच घर करून बसलं होतं. तरु येणार आणि एकटी परत जाणार, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला.

वाकता येत नव्हतं. काठीच्या टोकानं ढकलून ढकलून त्यांनी चपला घराकडे फिरवल्या. त्याला दहा मिनिटं लागली आणि नंतर घामानं अंग भिजलं.

४

रविवारी ओकुनो-सान आल्या तेव्हा किरीटभाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काल दुपारी आला होतात का?"

"मी? काल दुपारी मी दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडून बसले होते. का हो?"

"काही नाही. दार वाजल्यासारखं वाटलं."

"चोर असेल तर त्याला सांगा, मोती तिजोरीत आहेत आणि घरात नुसती पेज आहे." त्या हसल्या आणि भांडी विसळायला गेल्या.

दुपारी तीनला आवाज पुन्हा आला. सर्र, मग सर्रर्र. या वेळी तो बाजूच्या खोलीचा नव्हता. जवळचा होता. त्यांच्याच खोलीतल्या गाद्यांच्या कपाटाचा. कपाट खाटेच्या मागच्या बाजूला होतं आणि मान वळवायची तर पोट आवळून अख्खं अंग वळवावं लागे. किरीटभाईंनी अंग वळवलं नाही. छताकडे बघत ते पडून राहिले आणि कापड झटकल्याचा, मग हातानं सुरकुती मोडल्याचा आवाज ऐकत राहिले. जो कोणी होता तो अतिशय हळू काम करत होता. आजाऱ्याची झोप मोडू नये म्हणून माणूस जपतो ना, तसं.

आवाज थांबला. त्यांनी शंभरपर्यंत आकडे मोजले, मग वळले.

खाटेशेजारी जमिनीवर गादी घातलेली होती. पांढरी चादर ताणून बसवलेली, पायाशी पांघरुणाची घडी. उशी खिडकीच्या बाजूला होती, म्हणजे उत्तरेला.

किरीटभाईंच्या वडिलांना शेवटच्या दिवशी पलंगावरून उचलून जमिनीवर घेतलं होतं. ते त्यांनी दारात उभं राहून पाहिलं होतं, बावीस वर्षांचे असताना. "आता खाली घ्या," एवढंच कुणीतरी म्हणालं होतं.

आपल्याला खाली घेण्याची तयारी चालली आहे. हे त्यांना इतकं स्वच्छ कळलं की भास, गोळ्या, लाकूड हे सगळे युक्तिवाद जागच्या जागी कोसळले. गादी उचलून ठेवण्याची सोय नव्हती. दोन किलोच्या वर काही उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी लिहूनच दिलं होतं. काठीनं त्यांनी उशी तेवढी दक्षिणेकडे लोटली. बाकी संध्याकाळपर्यंत तसेच बसून राहिले, पाय खाटेवर घेऊन, गादीला पाय लागू नये असे. सूर्य मावळायच्या आत जेवायचा नेम होता, तो त्या दिवशी उपाशी राहूनच पाळला गेला.

५

"सामान बांधलंय," सोमवारी तरु म्हणाली. "खाकरे घेतलेत, सुखडी घेतलीय. तुम्हाला चालत नसेल तर मी खाईन आणि तुम्ही बघा."

"लवकर ये."

"विमान मी चालवते का? उद्या दुपारी दोनपर्यंत घरी. आवाज का असा येतोय? ताप आहे?"

"नाही. तरु, ऐक..." त्यांना सगळं सांगायचं होतं. पण काय सांगणार? की कुणीतरी फार अदबीनं दार उघडतं? आणि सांगितलं आणि ती घाबरून राहिली तिकडेच, तर? "तू आलीस की बरं वाटेल मला," एवढंच ते म्हणाले.

"हे आधी बोलला असतात ना एकदा," तरु म्हणाली, "तर मी पोहत आले असते." मग ती खोकली आणि जरा थांबून, श्वास घेऊन म्हणाली, "ठेवते. जिन्यावर उभी आहे."

गादी-उशी त्यांनी सकाळीच काठीनं खाटेखाली लोटली होती, ओकुनो-सानना दिसू नये म्हणून. त्या दिवशी दुपारी त्यांनी ओकुनो-सानना जाऊच दिलं नाही. मोत्यांचा हिशेब काढून बसवलं, जुन्या गिऱ्हाईकांच्या चहाड्या सांगितल्या, चहा तीनदा करायला लावला. तीन वाजले, साडेतीन झाले, काही वाजलं नाही. त्यांना इतकं हलकं वाटलं की सूर्य बुडायच्या आत त्यांनी वाटीभर पेज संपवली. माणूस असला की येत नाही तर. उद्यापासून तरु असेल. एकच रात्र काढायची होती आणि ती त्यांनी दिवा लावून, गोळी घेऊन, गाढ झोपून काढली.

६

मंगळवारी सकाळी धाडकन दार उघडून ओकुनो-सान आत आल्या आणि भांडं हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

किरीटभाईंना त्यांच्या तोंडाकडे बघून जाग आली. गादी पुन्हा घातलेली होती. उशी उत्तरेला. आणि गादीवर झगा पसरून ठेवला होता, बाह्या पसरून, माणूस उताणा निजलेला असावा तसा. उजवी बाजू वर होती.

"हे तुम्ही केलंत?" ओकुनो-साननी विचारलं.

"मला साधं वाकता येत नाही, ओकुनो-सान."

मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. दार, चपला, गादी. "मला न्यायला आलंय कुणीतरी," ते म्हणाले. "फक्त आज दुपारपर्यंत. तरु आली की... तिच्या हातून पाणी प्यायलो की मग काय व्हायचं ते होऊ दे."

ओकुनो-साननी भांडं टेबलावर ठेवलं. काठीच्या टोकानं झगा उचलला, हातात घेतला आणि स्वतःच्या अंगाला लावून पाहिला. तो त्यांच्या नडगीपर्यंत आला. त्या बुटक्या होत्या, किरीटभाई त्यांच्याहून वीतभर उंच.

"भणसाली-सान," त्या हळू म्हणाल्या, "तुम्हा लोकांना सगळे झगे सारखेच दिसतात. हा तुमचा नाही. तुमचा तुमच्या अंगात आहे. हा मी तुमच्या बायकोसाठी शिवला."

किरीटभाईंनी आपल्या अंगावरच्या झग्याची बाही पाहिली.

"गादीही त्यांचीच आहे. आणि चपला कुणाच्या म्हणालात?"

आणि आता जे झालं ते सांगायला नको असं वाटतं, पण सांगायला हवं. किरीटभाईंना सगळ्यांत आधी जे वाटलं ते भय नव्हतं. त्यांना सुटल्यासारखं वाटलं. आपण नाही, आपलं नाव नाही त्यात, हा विचार पेजेच्या घोटासारखा ऊन ऊन पोटात उतरला. क्षणभरच. मग त्यांना कळलं आपण कशाचा आनंद मानतोय ते, आणि त्यांनी आपल्याच तोंडावर हात दाबून धरला.

फोन लावला. बंद होता. पुन्हा लावला. ती आभाळात कुठेतरी होती, मांडीवर सुखडीचा डबा घेऊन, त्यांनी बोलावलं म्हणून.

"आत येऊ देऊ नका त्यांना," ओकुनो-सान म्हणाल्या. त्यांनी झगा, गादी, उशी, पांघरूण एका मोठ्या फडक्यात कसंबसं बांधलं. "हे मी माझ्या कपाटात टाकून कुलूप लावते. त्यांना दारातूनच स्टेशनजवळच्या हॉटेलात घेऊन जा. तुम्हीही जा. कशाला म्हणून विचारू नका, जा."

बोचकं ओढत त्या गेल्या. चढावर ते घासल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

७

बारा वाजल्यापासून किरीटभाई कोट घालून बाहेरच्या पायरीवर बसले. चपला तेवढ्या त्यांनी काठीनं घराकडे वळवून ठेवल्या होत्या. बोलायचं काय ते ठरवलं होतं. घरात गॅस गळतोय, असं सांगायचं.

गाडी खालीच थांबली असणार, गल्लीत शिरत नाही. दोनला दहा कमी असताना तरु वळणावर दिसली. एका हातात पेटी, खांद्यावर पिशवी, अंगात शालीवर शाल. अकरा वर्षांत ती लहानखुरी झाली होती. दहा पावलं चढायची आणि थांबायची. किरीटभाई उठून उभे राहिले, पण चढ उतरून जाण्याची ताकद त्यांच्यात नव्हती. पायरीवर उभं राहून बायकोला धापा टाकताना बघणं एवढंच त्यांच्या हातात होतं.

ती दाराशी पोचली तेव्हा तिचे ओठ निळसर झाले होते.

"काय हो हे," ती म्हणाली. "नुसती हाडं राहिलीत."

"तरु, आत नको जाऊया. गॅस गळतोय. आपण खाली हॉटेलात..."

"आधी... बसू द्या." तिनं त्यांना बाजूला सारलं, प्रवासातल्या चपला पायातून भिरकावल्या आणि पायरी चढून आत भिंतीला टेकून बसली. डोळे मिटले. "पाणी. कोमट. अकरा वर्षांनी आले बाई, आणि हा माणूस पायरीवरून परत पाठवतोय."

त्यांनी पाणी दिलं. ती प्यायली आणि हळूहळू तिच्या तोंडावर रंग आला. मग तिनं घरभर नजर फिरवली आणि सुरूच झाली. हे घर आहे का गोदाम, पडदे शेवटचे कधी धुतले, गॅसचा वास तर कुठे येत नाही, तुम्हाला खोटं कधीच नीट बोलता आलं नाही. तिचा आवाज त्या घरात असा काही भरला की किरीटभाईंचे हातपाय सैल पडले. इतका उजेड होता. इतकी जिवंत होती ती. गादी नव्हती, झगा नव्हता, कुलपात होतं सगळं. थोडा दम खाऊ दे तिला, मग जाऊ, असं त्यांनी ठरवलं.

"आधी अंघोळ करते," तरु उठत म्हणाली. "प्रवासाच्या अंगानं देवाशी दिवा नाही लावायची मी."

"तरु, खरंच, हॉटेलात..."

"अंघोळ हॉटेलात आणि दिवा कुठे लावू, रस्त्यात?"

न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येऊ लागला. मध्येच ती गुणगुणत होती. किरीटभाई भिंतीला टेकून ऐकत उभे राहिले आणि चौदा पावलांच्या त्या अरुंद बोळात त्यांना रडू आलं. आपण हिला एवढी वर्षं का बोलावलं नाही?

८

"किती छान आहे हो हे," तरु बाहेर येत म्हणाली. "दाराशी घडी करून ठेवलेलं. तुम्ही ठेवलंत? टाके असताना वाकायला कुणी सांगितलं होतं?"

पांढऱ्यावर बारीक निळ्या रेघा. ओल्या केसांची वेणी खांद्यावरून पुढे आलेली. झग्याची उजवी बाजू वर होती.

"काढ ते," किरीटभाई म्हणाले. आवाज निघालाच नाही, म्हणून पुन्हा म्हणाले, "काढ ते, तरु. उलटं घातलंयस."

"सुलटं काय आणि उलटं काय? साडीवाल्या बाईला कळतंय होय." ती हसली आणि हसता हसता तिनं छातीवर हात ठेवला. "थांबा. जरा पडते मी. चढानं जीव काढला." मोती निवडायच्या खोलीच्या दारात ती पोचली होती. "अगं बाई, गादीसुद्धा घातलीत?"

किरीटभाईंनी तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. गादी होती. चादर ताणलेली. उशी खिडकीखाली.

"त्यावर झोपू नकोस. माझ्या खाटेवर पड. तरु!"

पण ती गुडघ्यांवर आली होती आणि आडवी होत होती, त्या पांढऱ्या उजेडात, उत्तरेला डोकं करून. तिचा चेहरा पुन्हा निळसर दिसत होता. किरीटभाईंनी तिचा दंड धरून ओढला. दोन किलोच्या वर उचलायचं नाही. पोटात काहीतरी फाटल्यासारखं झालं आणि त्यांचा हात सुटला.

"पाच मिनिटं," ती डोळे मिटून म्हणाली. "कटकट नका करू. पाच मिनिटं पडू द्या."

टेबलावरचा फोन उचलून त्यांनी रुग्णवाहिका बोलावली. पत्ता दोनदा सांगितला. येतोय, चढ आहे, पंधरा मिनिटं लागतील, पलीकडचा माणूस म्हणाला. आणि त्याच वेळी त्यांना बाहेरच्या दाराशी लाकडावर काहीतरी हळूच टेकल्याचा आवाज आला. दोनदा. एक आणि मग दुसरी.

ते गेले. चौदा पावलं. तरुनं भिरकावलेल्या चपला पायरीखाली शेजारी शेजारी होत्या, टाचेला टाच लावून, तोंडं रस्त्याकडे. जुन्या तपकिरी चपलाही तशाच.

काठी खोलीत राहिली होती. किरीटभाई खाली बसले. टाक्यांची पर्वा न करता गुडघ्यांवर आले, आणि पट्ट्याखाली काहीतरी ऊन ऊन पसरलं. त्यांनी तिच्या चपला दोन्ही हातांनी धरल्या, घराकडे फिरवल्या आणि तशाच जमिनीशी दाबून धरल्या. आपल्या हातात एवढंच आहे, असं त्यांना वाटलं. हे सुटता कामा नये. त्यांना हेही कळत होतं की आपण वेड्यासारखं करतोय, तिच्याजवळ जायला हवं. पण हात सोडवेना.

मागून आवाज आला. सर्र. थांबला. सर्रर्र.

"आलात का ओकुनो-सान?" खोलीतून तरुचा आवाज आला. पेंगुळलेला, आर्जवी, पाहुण्यांशी बोलायचा तो. इतक्या वर्षांनीही तिची जपानी तशीच मोडकीतोडकी होती. "नाही हो, असू द्या. कशाला पांघरूण घालताय, मी घेते. हात किती गार झालेत तुमचे."

तेवढ्यात बाहेरचं दार धाडकन उघडलं. पायरीखाली किरीटभाईंच्या पुढ्यात ओकुनो-सान उभ्या होत्या. घाईनं चढ चढून आल्यामुळे त्यांना बोलता येत नव्हतं.

"बोचकं," त्या म्हणाल्या. "बोचकं नाही कपाटात. कुलूप तसंच आहे आणि आत..."

खोलीत तरु कुणाला तरी थँक्यू म्हणाली. मग काही बोलली नाही.

"बघा," किरीटभाई पुटपुटले. चपला सोडून मागे वळायचा धीर त्यांना होत नव्हता. "ओकुनो-सान, तुम्ही बघा. तुम्हाला दिसतंय इथून. तरु कशी आहे ते सांगा मला."

ओकुनो-सान त्यांच्या डोक्यावरून बोळाच्या टोकाकडे बघत होत्या. खालच्या रस्त्यावरून रुग्णवाहिकेचा भोंगा चढाकडे वळल्याचं ऐकू आलं. ओकुनो-साननी दाराची चौकट धरली आणि बावीस वर्षांत किरीटभाईंनी जे कधी पाहिलं नव्हतं ते केलं. आधी एक गुडघा, मग दुसरा, कण्हत कण्हत त्या गार फरशीवर खाली बसल्या आणि कपाळ जमिनीला टेकवलं.